झाडांचं शिकायचं ठरवलंय? मग पदवीची आखणी अशी करा

बारावीचा निकाल लागला की आमच्या बॉटनी विभागात दोन प्रकारची मुलं डोकावतात. एकाचे नीटचे गुण कमी पडलेले असतात आणि घरून सांगितलेलं असतं, “बायो आहेच, तर बी.एस्सी. करून टाक.” दुसऱ्याला झाडं मनापासून आवडतात, पण ‘बॉटनी करून पुढं काय?’ असं कुणी विचारलं की तो गप्प होतो. दोघांची चूक मात्र एकच. वनस्पतींचा अभ्यास म्हणजे एकच रस्ता असं धरून ते जवळच्या कॉलेजात मिळेल ती जागा घेतात. तीन-चार वर्षांनी नोकरीच्या एखाद्या जाहिरातीत ‘शैक्षणिक अर्हता’ या शब्दांपुढची ओळ वाचतात, तेव्हा कळतं की ती जाहिरात आपल्यासाठी नव्हतीच.

ती ओळ आधी वाचायची आणि पदवी नंतर निवडायची, असं मी मुलांना सांगते. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी बॉटनी शिकवते, त्यामुळं पुढची उदाहरणं इकडचीच आहेत.

आधी ठरवा : झाडाला नेमकं काय विचारायचंय?

हरभऱ्याचं एक शेत डोळ्यासमोर आणा. मधेमधे रोपं पिवळी पडून वाळलीत. शेतकरी म्हणतो, “मर लागली.” हा रोग फ्युजॅरियम नावाच्या बुरशीमुळं होतो. ती जमिनीत राहते, मुळांतून आत शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्या तुंबवते.

आता या शेताच्या बांधावर उभं राहून तुमच्या मनात पहिला प्रश्न कोणता येतो? पुढच्या हंगामात कोणता वाण घ्यावा, बीजप्रक्रिया कशाची करावी, पिकांची फेरपालट कशी करावी, असं काही येत असेल तर तुमचा ओढा कृषीकडं आहे. बुरशी मुळाच्या पेशीत शिरते कशी आणि एखादा वाण तिला दाद का देत नाही, हे कुतूहल वाटत असेल तर तुमची जागा प्रयोगशाळेत आहे. शरीरक्रियाशास्त्र, रेणवीय जीवशास्त्र, जनुकशास्त्र हे तुमचे विषय. आणि शेत सोडून तुमचं लक्ष बांधावरच्या तणाकडं गेलं, ‘हे कुठल्या कुळातलं, याच्यावर ही माशी का येते?’ असं वाटलं, तर तुम्ही वर्गीकरण आणि परिसरशास्त्राची माणसं. तुमच्यासाठी बॉटनी किंवा वनशास्त्र.

सतराव्या वर्षी हे पक्कं ठरत नाही, मान्य. पण कल कळतो. निदान ‘जे मिळेल ते’ यापेक्षा बरं काहीतरी हाती लागतं.

मग दारं ओळखा

महाराष्ट्रात यासाठी मुख्य दारं दोन. एक कृषी विद्यापीठांचं आणि दुसरं नेहमीच्या विद्यापीठांतल्या बॉटनीचं. तिसरं अरुंद आहे, त्याकडं नंतर येते.

कृषी विद्यापीठं चार : राहुरीचं महात्मा फुले (1968), अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख (1969), परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा (1972) आणि दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण (1972). बी.एस्सी. ऑनर्स कृषी ही चार वर्षांची, आठ सत्रांची पदवी. शेजारीच उद्यानविद्या, वनशास्त्र, जैवतंत्रज्ञान, अन्नतंत्रज्ञान अशा पदव्या आहेत, आणि वनशास्त्रासाठी दापोली किंवा अकोला गाठावं लागतं. कृषीला गेलेल्या मुलांना पहिल्याच वर्षी एक धक्का बसतो. कृषीविद्या, मृदशास्त्र, कीटकशास्त्र, अर्थशास्त्र, अवजारं, पशुपालन, विस्तार शिक्षण असं सगळं वाढलेलं असतं, आणि निव्वळ झाडाचा अभ्यास ताटाच्या एका कोपऱ्यात. ज्याला सगळ्यातलं थोडं थोडं आवडतं त्याच्यासाठी हे पंचपक्वान्न आहे. ज्याला फक्त नेच्यांच्या बीजाणूंत रमायचंय त्याला चार वर्षं लांब वाटतील. शेवटच्या वर्षात ‘रावे’ म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव असतो. विद्यार्थी गावात राहतात, शेतकऱ्यांबरोबर काम करतात, प्रात्यक्षिकं दाखवतात. पेपरात ‘कृषिदूतांचे मार्गदर्शन’, ‘कृषिकन्यांनी दिले बीजप्रक्रियेचे धडे’ अशा बातम्या येतात ना, त्या याच.

बॉटनीची पदवी नवीन शैक्षणिक धोरणानंतर तीन किंवा चार वर्षांची झाली आहे. तीन वर्षांनी बाहेर पडता येतं. चौथं वर्ष केलं तर ऑनर्स, आणि त्यातही संशोधनाची वाट घेतली तर ‘ऑनर्स विथ रिसर्च’. इथं शेवाळापासून सपुष्प वनस्पतींपर्यंत झाड हाच विषय. अर्थशास्त्र नाही, ट्रॅक्टर नाही. पण पिकाच्या शेतात उभं राहण्याचा सरावही नाही.

आता ती ओळ. एमपीएससीतून कृषी सेवेची पदं निघतात, तालुका कृषी अधिकारी वगैरे. तिथं कृषीची किंवा तिच्याशी संलग्न पदवी लागते, बॉटनीची चालत नाही. आमच्याकडून बाहेर पडलेला एक हुशार मुलगा पुस्तकं विकत घेऊन वर्षभर तयारी करत होता. अर्ज भरताना ही ओळ त्याला दिसली. उलट बाजूनंही तसंच आहे. सिनियर कॉलेजात बॉटनी शिकवायची तर एम.एस्सी. बॉटनी आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, नाहीतर पीएच.डी. लागते. बी.एस्सी. कृषी केलेल्याला एम.एस्सी. बॉटनीला प्रवेश सहसा मिळत नाही, कारण पदवीला बॉटनी हा विषय असावा लागतो. बॉटनीवाल्याला एम.एस्सी. कृषीच्या बहुतेक विषयांची दारं बंद असतात. जैवतंत्रज्ञानासारख्या मोजक्या विषयांत फट असते, ती त्या त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेत शोधावी लागते. दोन्हीकडच्यांना चालणारी जागा म्हणजे वनसेवा. भारतीय वनसेवेला आणि राज्याच्या वनसेवेला बॉटनी आणि कृषी, दोन्ही पदव्या चालतात.

संशोधनात मात्र ही भिंत बरीच विरघळते. पुण्याची आघारकर संशोधन संस्था कृषी विद्यापीठ नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकारानं 1946 साली ती सुरू झाली. तरीही एमएसीएस 6222 हा गव्हाचा वाण तिथलाच, आणि बारामती तालुक्यात होळ इथं त्यांचं शेत आहे. शेवाळावर, बुरशीवर काम करणारी माणसं आणि गव्हाचे संकर करणारी माणसं एकाच संस्थेत आहेत. म्हणून ‘बॉटनी केली म्हणजे पिकांचं काम संपलं’ असं धरू नका. भिंत आहे ती भरतीच्या नियमात.

तिसरं दार म्हणजे आयसर, केंद्राची विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था. पुण्याची आयसर 2006 सालची. पाच वर्षांची बीएस-एमएस पदवी, प्रवेशाला आयएटी नावाची वेगळी परीक्षा. सुरुवातीच्या वर्षांत भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र सगळंच करावं लागतं, त्यामुळं अकरावीत गणित टाकलेल्या मुलांची दमछाक होते. अजून अकरावीत असाल तर माझं सरळ मत : जमत असेल तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा. वनस्पतिशास्त्रातलं पुढचं जवळजवळ सगळं आकड्यांवर चालतं, त्याबद्दल खाली आहेच.

परीक्षा आणि कागदपत्रं

कृषीसाठी राज्याच्या सीईटी कक्षाची एमएचटी-सीईटी द्यावी लागते, आणि प्रवेश केंद्रीय फेऱ्यांतून होतो. घरी सातबारा असेल तर शेतकऱ्यांच्या पाल्यांना गुणांत अधिभार मिळतो, म्हणून तो उतारा आधीच काढून ठेवा. सातबारा आजोबांच्या नावावर असेल तर नातं दाखवणारे कागदही लागतील. ऐन वेळी तलाठी कार्यालयाच्या पायरीवर बसायची पाळी येऊ देऊ नका. राज्याबाहेरच्या कृषी विद्यापीठात जायचं असेल तर सीयूईटी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्या. कृषी विद्यापीठांतल्या 20 टक्के जागा भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या कोट्याच्या असतात, त्या तिच्यातून भरतात, आणि परराज्यात प्रवेश घेणाऱ्याला दरमहा विद्यार्थीवृत्तीही मिळते. आपल्याकडची मुलं ही परीक्षा फारशी देत नाहीत, का कोण जाणे. पंतनगर, लुधियाना, कोइमतूर ही नावं ऐकून बघा.

बॉटनीसाठी बहुतेक कॉलेजांत बारावीच्या गुणांवर यादी लागते. काही स्वायत्त कॉलेजं आपली परीक्षा घेतात. अर्ज कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर, आणि मुदत निकालानंतर फार थोड्या दिवसांची.

कागदपत्रांत सगळ्यांना नडतात ती दोनच : जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमिलेयर. पहिल्याला महिनोन् महिने लागू शकतात, म्हणून अकरावीतच अर्ज करा. दुसऱ्याची मुदत 31 मार्चला संपते हे विसरून मुलं जुनंच अपलोड करतात, आणि फेरीत खुल्या गटात ढकलली जातात. अधिवास आणि उत्पन्नाचा दाखला जानेवारी-फेब्रुवारीत काढून ठेवले की पुढं घाई होत नाही.

पैशांचं थोडक्यात. सरकारी शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे. 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या, 8 लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे, आणि कृषी त्यात येते. बॉटनीवाल्यांसाठी केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, वर्षाला 80,000 रुपये. बारावीला आपल्या बोर्डाच्या वरच्या 1 टक्क्यात असलेल्यांना ती मिळते, आणि मूलभूत विज्ञान शिकत असाल तरच. कृषीला ती लागू नाही. हुशार मुलगी, घरची परिस्थिती बेताची, आणि दोन्हीत मन आहे, अशा वेळी हे दोन आकडे शेजारी मांडून बघा.

कॉलेज बघायला जा, आणि हे विचारा

लग्नाआधी घर बघून येतो, पण कॉलेज मात्र मोबाइलवर बघतो. एखाद्या कामाच्या दिवशी, दुपारी, प्रॅक्टिकलच्या वेळी जाऊन या.

बॉटनीसाठी पहिला प्रश्न : “तुमच्याकडं बॉटनी मेजर, म्हणजे मुख्य विषय म्हणून, तिसऱ्या वर्षापर्यंत दरवर्षी चालतं का?” नव्या रचनेत बऱ्याच विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन विषय घ्यायचे, मग त्यांतला एक मेजर आणि एक मायनर म्हणजे जोडविषय असं असतं. गावाकडच्या कॉलेजांत सगळी गर्दी केमिस्ट्रीकडं जाते, बॉटनीला पाच-सात मुलं उरतात आणि वर्ग चालवायला परवडत नाही म्हणून बंद पडतो. मग तुम्हाला नको असलेला विषय मेजर म्हणून घ्यावा लागतो. पहिल्या वर्षाच्या प्रवेशाच्या वेळी हे कुणी आपणहून सांगत नाही.

दुसरा : चौथं वर्ष आहे का, आणि ‘ऑनर्स विथ रिसर्च’ आहे का? ते सगळीकडं नसतं. त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण लागतात, आणि चार वर्षांची पदवी 75 टक्क्यांनी झाली तर यूजीसीच्या 2022 च्या नियमानुसार थेट पीएच.डी.च्या प्रवेशाला पात्र होता येतं. चार वर्षं केली तर एम.एस्सी. एका वर्षाची, तीन केली तर दोन वर्षांची. एकूण हिशेब सारखाच बसतो, पण चौथं वर्ष तुमच्या कॉलेजात नीट होणार नसेल तर तीन वर्षांनी चांगल्या विद्यापीठात एम.एस्सी.ला गेलेलं बरं.

तिसरा प्रश्न विचारायचा नाही, बघायचा. सूक्ष्मदर्शकावर धूळ आहे का? हर्बेरियमचं, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या झाडांच्या नमुन्यांचं, कपाट उघडतं का? शेवटची सहल कुठं गेली होती? पूर्णवेळ शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावर किती? तासिका तत्त्वावरचे शिक्षक पुष्कळदा उत्तम शिकवतात, हे मी अनुभवानं सांगते, पण ते पुढच्या वर्षी असतील याची खात्री त्यांनाही नसते. आणि बागेत माळीकाका दिसले तर त्यांना चार झाडांची नावं विचारा. त्यांना बोटॅनिकल नावं येत असतील तर त्या विभागात कुणीतरी बागेत जाऊन शिकवतंय असं समजा.

कृषीसाठी प्रश्न वेगळे. कॉलेज विद्यापीठाचं स्वतःचं आहे की संलग्न खासगी? स्वतःचं प्रक्षेत्र किती एकर, आणि त्यावर मुलांच्या हातचं पीक उभं आहे की नुसता ऊस? पुण्याचं आणि नागपूरचं कृषी महाविद्यालय विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली. तिथं कट-ऑफ चढा असतो, पण ग्रंथालय आणि प्रक्षेत्र बघितलं की तो का ते कळतं.

पहिलं वर्ष : पन्नास झाडं

दोन्ही दारांतल्या मुलांना मी हेच सांगते. घरापासून कॉलेजपर्यंतच्या रस्त्यावरची पन्नास झाडं वर्षभरात ओळखीची करा. वहीत चार रकाने पाडा : गावातलं नाव, शास्त्रीय नाव, कूळ, आणि पहिलं फूल कधी दिसलं ती तारीख. पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये, बहावा एप्रिल-मेमध्ये, तेरडा श्रावण-भाद्रपदात. आपोआप एक पंचांग तयार होतं.

शास्त्रीय नावांची भीती मराठी माध्यमातल्या मुलांना जास्त वाटते. मलाही वाटायची. पण गावातल्या नावांवर विसंबलं तर काय होतं ते बघा. ‘कुडा’ म्हटलं की एकाच्या डोळ्यासमोर पांढरा कुडा येतो, म्हणजे होलॅऱ्हिना; दुसऱ्याच्या डोळ्यासमोर काळा कुडा, म्हणजे राइटिया टिंक्टोरिया. दोघांचं कूळ एक, प्रजाती वेगळ्या, औषधी उपयोग वेगळे. काढ्यासाठी साल आणायला पाठवलेला माणूस काय घेऊन येईल ते त्याच्या गावावर अवलंबून. लॅटिन नाव पाठ करायचं नसतं, ते फोडून वाचायचं असतं. ‘मोनोस्पर्मा’ म्हणजे एकबीजी. पळसाची शेंग एकदा उघडून बघितली की ब्युटिया मोनोस्पर्मा हे नाव पुन्हा विसरत नाही.

याच वर्षी हात तयार होतो. ब्लेडनं खोडाचा पातळ छेद घेणं, रंग देणं, भिंगाखाली दिसतं तसं काढणं. दिसतं तसं! पुस्तकातल्यासारखं नाही. वरच्या वर्गातल्या दादाचं जर्नल उतरवून सही घेण्याची आपली जुनी पद्धत आहे, आणि आम्ही शिक्षकही ती चालू देतो. त्या सहीचा एम.एस्सी.च्या प्रवेशाला काडीचा उपयोग होत नाही.

दुसरं वर्ष : आकडे आणि वर्तमानपत्रं

मायनर निवडताना मैत्रिणीनं काय घेतलं ते बघू नका. रसायनशास्त्र घेतलं तर शरीरक्रियाशास्त्र आणि औषधी वनस्पतींची वाट सोपी होते. संख्याशास्त्र किंवा संगणक मिळत असेल तर तो माझा कौल. दहा कुंड्यांना खत दिलं, दहांना नाही दिलं, आणि पहिल्या दहांची उंची सरासरी तीन सेंटिमीटर जास्त आली. हा खताचा परिणाम की योगायोग? याचं उत्तर संख्याशास्त्राशिवाय देता येत नाही. कृषीची मुलं ‘आरबीडी’ हा शब्द उठता-बसता वापरतात. शेताचे सारखे पट्टे पाडायचे, आणि प्रत्येक पट्ट्यात सगळे उपचार चिठ्ठ्या टाकून वाटायचे, म्हणजे जमिनीच्या चढ-उताराचा दोष एकाच उपचाराच्या माथी येत नाही. बॉटनीच्या मुलांना हे पुष्कळदा कुणी शिकवतच नाही. संख्याशास्त्रासाठी ‘आर’ नावाची फुकट संगणक प्रणाली आहे, ती दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत शिकून घ्या.

आणि हर्बेरियम. मी एम.एस्सी.ला असताना जुलैत आंबोलीहून चाळीसेक नमुने आणले होते. वर्तमानपत्रांत दाबून, वर वजन ठेवून, सणाला घरी गेले. आठवड्यानं परत आले तर चाळीसच्या चाळीस नमुन्यांवर पांढरी बुरशी. पावसाळ्यात पहिले काही दिवस कागद रोज बदलावे लागतात, हे सरांनी सांगितलं होतं. ऐकलं नव्हतं. फुलं-फळं असलेलीच फांदी घ्यावी, पानं एकमेकांवर येऊ देऊ नयेत, एक-दोन पानं उलटी ठेवावीत म्हणजे मागची बाजू दिसते. वाळलं की साधारण 42 बाय 28 सेंटिमीटरच्या जाड कागदावर चिकटवायचं. उजव्या कोपऱ्यात लेबल : ठिकाण, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, आणि वाळल्यावर जे उडून जातं ते, म्हणजे फुलाचा रंग आणि वास. तारीख आणि ठिकाण नसलेला नमुना कितीही सुंदर असला तरी कचरा.

एक ताकीद. अभयारण्यात, राष्ट्रीय उद्यानात किंवा कासच्या पठारावर परवानगीशिवाय काहीही उपटायचं नाही. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे. कंदीलपुष्पाच्या काही जाती आपल्याकडं एखाद-दुसऱ्या डोंगरावरच उरल्यात, तिथं एक कंद उपटला तरी फरक पडतो. सुरुवात रस्त्याकडेच्या तणांनी करा, ती कुणी मोजत नाही आणि ओळखायला अवघडही असतात.

या वर्षी विभागप्रमुखांचं पत्र घेऊन एक तरी मोठं हर्बेरियम बघून या. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र (1955 पासून) आणि आघारकर संस्था, मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग आणि त्याची बाग. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी खंडाळ्याला दाबलेलं फूल अजून नाव सांगतंय, हे एकदा बघावं लागतं.

तिसरं वर्ष : उंबरा ओलांडा

सांगलीची मुलगी द्राक्षबागेत वाढते, पण पुण्याजवळ मांजरी गावात राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे हे तिला माहीत नसतं. राजगुरुनगरला कांदा-लसूण, सोलापूरला डाळिंब, नागपूरला कापूस आणि लिंबूवर्गीय फळं, बारामतीजवळ माळेगावला दुष्काळ-उष्णतेसारख्या ताणांचा अभ्यास, मांजरीलाच वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. यांतलं एखादं तुमच्या घरापासून एसटीच्या एका तिकिटावर असेल. प्रकल्प किंवा ऑन जॉब ट्रेनिंग तिथं करता येतं का, हे दुसऱ्या वर्षाच्या शेवटी विचारायला लागा.

विचारायचं कसं? ईमेलनं, आणि थोडक्यात. “रिस्पेक्टेड सर, आय अॅम व्हेरी मच इंटरेस्टेड” असले मजकूर शास्त्रज्ञांना ढिगानं येतात. त्यांचा एक शोधनिबंध काढा, निदान सारांश आणि आकृत्या वाचा, त्यावर एक खरा प्रश्न विचारा. मग आपण कोण, कोणत्या महिन्यात किती आठवडे येऊ शकतो, काय येतं (छेद घेता येतो, ‘आर’ येते, पन्नास झाडं ओळखता येतात) हे पाच ओळींत. दहा जणांना पाठवली तर दोघांचं उत्तर येतं. ते पुरतं. याशिवाय देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. अर्ज आदल्या वर्षीच्या हिवाळ्याच्या सुमाराला भरायचे असतात, उन्हाळा आल्यावर आठवण झाली तर वर्ष गेलं.

शेवटचं वर्ष आणि त्यापुढं

कृषीच्या मुलांची ही बाजू त्या मानानं आखीव असते. रावे संपता संपता एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षा, नाहीतर एमपीएससी, बँकांची कृषी अधिकारी पदं, बियाणं-खत कंपन्या. ज्यांना झाडाच्या आतल्या गोष्टीत रस आहे त्यांनी एम.एस्सी.ला ‘कृषी वनस्पतीशास्त्र’ विभागाकडं बघावं. नाव जुनं वाटतं, पण जनुकशास्त्र, पैदासशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र तिथंच असतं.

बॉटनीवाल्यांनी एम.एस्सी.चे अर्ज फक्त आपल्या विद्यापीठात भरू नयेत. सीयूईटी-पीजी दिली तर केंद्रीय विद्यापीठं खुली होतात, जैवतंत्रज्ञानाकडं जायचं तर जीएटी-बी. पुढं सीएसआयआर-यूजीसी नेट लाइफ सायन्सेसची, आणि गेटच्या लाइफ सायन्सेस पेपरात बॉटनीचा स्वतंत्र भाग असतो. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची पाठ्यवृत्ती मिळाली तर 2023 पासून पहिली दोन वर्षं दरमहा 37,000 रुपये, वर घरभाडं. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी प्राध्यापकपदाची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, आणि ती मराठी मुलांना नेटपेक्षा थोडी जवळची वाटते. शाळेत शिकवायचं तर बी.एड. लागेल. प्राध्यापकांच्या कायम जागा थोड्या आणि भरती रखडत चालते, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. फक्त तेवढ्या एका जागेसाठी बॉटनी करू नका.

खासगीत सगळ्यात जास्त हात लागतात ते ऊतीसंवर्धनाला, म्हणजे झाडाच्या बारीक तुकड्यापासून बाटलीत रोपं वाढवायला : केळी, ऊस, शोभेची झाडं. सुरुवात बाटल्या धुण्यापासून आणि माध्यम शिजवण्यापासून होते, पगार बेताचा असतो, आणि दिवसभर लॅमिनार फ्लो या निर्जंतुक हवेच्या कपाटासमोर बसून मान दुखते. सहा महिने टिकलेली मुलं मात्र पुढं स्वतःची छोटी प्रयोगशाळा किंवा रोपवाटिका काढायच्या गोष्टी करायला लागतात. औषधी वनस्पतींच्या कंपन्यांत कच्चा माल ओळखायला माणूस लागतो, तिथं तो पांढरा-काळा कुडा परत भेटतो. पर्यावरण सल्लागारांकडं जंगलाचं सर्वेक्षण करायला वर्गीकरणवाले लागतात, तेही पावसाळ्यात आणि ताबडतोब.

अशा मुलाखतीला जाताना गुणपत्रिकांच्या फाइलबरोबर तुमची हर्बेरियमची शीटंही न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत, मधे जुनी वर्तमानपत्रं घालून, आणि पाऊस असेल तर वर आणखी एक पिशवी.